नकाशा झपाट्याने, निवाडा सवडीने

बंगळुरू

१८ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिकांचे एकाच कार्यक्रमात वाटप केले. दहा राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेशांतील पन्नास हजारांहून अधिक गावांतील घरमालक या सोहळ्याचे लाभार्थी होते. शेतजमिनीला सातबारा असतो, मात्र गावठाणातील राहत्या घराला कागद नसतो, ही ग्रामीण भारताची जुनी उणीव ‘स्वामित्व’ योजना भरून काढत आहे, असा सरकारचा दावा आहे आणि तो बव्हंशी खराही आहे. तथापि, त्या दिवशीच्या सरकारी निवेदनातच दोन आकडे होते, ज्यांच्याकडे सोहळ्याच्या गडबडीत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ड्रोनद्वारे पाहणी झालेली गावे होती ३ लाख १७ हजारांहून अधिक, म्हणजे उद्दिष्टाच्या ९२ टक्के. प्रत्यक्षात मिळकत पत्रिका तयार झालेली गावे होती सुमारे १ लाख ५३ हजार. आकाशातून चित्र निघाले, पण त्याचा हक्काचा कागद झाला नाही, अशी गावे निम्म्याहून थोडी अधिकच होती.

या तफावतीला केवळ प्रशासकीय दिरंगाई म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास मात्र या दोन आकड्यांमधील अंतर हाच या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो. हवाई आणि उपग्रह चित्रांवरून नकाशे काढण्याचे काम यंत्राने विलक्षण वेगवान आणि स्वस्त केले आहे. नकाशावरची रेघ योग्य आहे काय, तिच्या अलीकडचे कोणाचे आणि पलीकडचे कोणाचे, आणि ती चुकली तर भरपाई कोणी द्यायची, हे ठरवणारी व्यवस्था मात्र जिथल्या तिथे आहे. हे समजून घेण्यासाठी बंगळुरूइतके योग्य शहर देशात दुसरे नसावे. नकाशे काढणारी यंत्रे जिथे घडतात ते हे शहर, आणि जुन्या नकाशावरील रेघेपायी नागरिकांची पक्की घरे जिथे पाडली गेली तेही हेच.

बंगळुरूचे आणि नकाशांचे नाते तसे आजचे नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर म्हैसूरच्या मुलखाची मोजदाद करणे कंपनी सरकारला निकडीचे वाटू लागले. १८०० साली विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने बंगळुरूजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची एक आधाररेषा पोलादी साखळीने मोजून काढली. दोन वर्षांनी मद्रासजवळ सुरू झालेल्या आणि पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती पूर्वतयारी होती. आज याच शहरात इस्रोचे मुख्यालय आहे, दूरसंवेदन उपग्रहांची बांधणी येथेच होते, राज्याचे दूरसंवेदन केंद्र येथे आहे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे कार्यालय कोरमंगल्यात आहे. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ ची दृष्टी अडीच मीटरची होती, नोव्हेंबर २०१९ मधील कार्टोसॅट-३ ची पाव मीटरच्या आसपास आली. खासगी कंपन्यांचाही येथे बुजबुजाट झाला आहे. पिक्सेल स्वतःचे उपग्रह सोडते, सॅटशुअर शेतांच्या उपग्रहचित्रांवरून बँकांना कर्जाविषयीची माहिती पुरवते, आणि २०१९ मध्ये येथे सुरू झालेल्या गूगलच्या संशोधन केंद्रातील मंडळी उपग्रहचित्रातून शेतांचे बांध आपोआप रेखाटणारी प्रणाली घडवतात.

ही किमया कशी साधते, हे थोडक्यात पाहू. विमान, ड्रोन वा उपग्रह एकाच जागेची निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेतो. दोन डोळ्यांनी आपल्याला जशी खोली कळते, तशी या चित्रांच्या जोड्यांवरून संगणक जमिनीची उंची काढतो, मग डोंगर-उतारामुळे आणि कॅमेऱ्याच्या तिरकेपणामुळे आलेली विकृती दूर करून मोजमापास योग्य असे सपाट चित्र तयार करतो. जमिनीवर ठिकठिकाणी कायम बसवलेली संदर्भ-केंद्रे त्या चित्राला अचूक अक्षांश-रेखांश देतात. इथवरचे काम बऱ्याच वर्षांपासून संगणक करीत आला आहे. खरा खोळंबा होता तो पुढच्या टप्प्यात. चित्रातले हे छप्पर, हा रस्ता, हा ओढा, अशी प्रत्येक गोष्ट आरेखक डोळ्यांनी ओळखून हाताने गिरवीत असे. एका मोठ्या शहराच्या नकाशाला त्यापायी वर्षे लागत. गेल्या दहा-बारा वर्षांत हे गिरवण्याचे कामही यंत्राने घेतले. माणसांनी गिरवलेली लाखो छपरे दाखवून संगणकाला शिकवले की, न पाहिलेल्या चित्रातली छपरे तो स्वतः शोधून त्यांच्या कडा काढतो. गूगलने या पद्धतीने २०२१ मध्ये आफ्रिकेतील इमारतींची यादी प्रसिद्ध केली. २०२३ पर्यंत दक्षिण आशियासह अन्य प्रदेश मिळून ती १८० कोटी इमारतींवर गेली. इतक्या इमारती गिरवायला माणसे किती लागली असती, याचा हिशेबच नको.

आता यंत्राला काय दिसत नाही, तेही पाहावे. यंत्राला वस्तू दिसते, हद्द दिसत नाही. भिंत दिसेल, पण भिंत सामाईक आहे की एकट्याची, हे कोणत्याही उंचीवरून दिसणार नाही. कोकणातल्या किंवा मावळातल्या कौलारू घराचे उदाहरण घ्या. वरून दिसते ते छप्पर आणि छपराची कड म्हणजे वळचण. भिंत तिच्या हात-दोन हात आत असते. यंत्र रेघ मारणार ती वळचणीवर. पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडते यावरून ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी दावे चालले, तिथे हा हात-दोन हातांचा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

‘स्वामित्व’च्या रचनाकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. म्हणूनच ड्रोन उडण्याच्या आधी गावात ग्रामसभा होते आणि घरोघरच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखल्या जातात. पाच सेंटिमीटरपर्यंत पाहू शकणारे विमान आकाशात आणि खाली चुन्याची फक्की हातात घेतलेला ग्रामपंचायतीचा शिपाई, असे हे दृश्य आहे. ते हास्यास्पद नाही. किंबहुना साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत प्रामाणिक टप्पा तोच म्हणावा लागेल, कारण हद्द ही शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या संमतीने ठरते, हे तिथे मान्य केलेले असते. चित्रावरून पहिला नकाशा निघाल्यावर तो पुन्हा गावात जातो, जागेवर पडताळणी होते, दुरुस्त नकाशा निघतो, मग हक्कचौकशी, हरकती आणि शेवटी पत्रिका. महाराष्ट्राने हाच क्रम पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ‘स्वामित्व’ जन्माला येण्यापूर्वी घालून दिला होता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने योजना जाहीर केली तेव्हा महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाचा अनुभव तयार होता. त्याचा परिणाम ११ ऑक्टोबर २०२० रोजी दिसला. पहिल्या फेरीत ७६३ गावांना पत्रिका मिळाल्या, त्यांत महाराष्ट्राची गावे १०० होती आणि उपग्रहांची राजधानी मिरवणाऱ्या कर्नाटकाची २.

येथे एक बारकावा नोंदवावासा वाटतो. गूगलच्या त्या यादीत प्रत्येक इमारतीच्या रेघेपुढे एक आकडा असतो. ही रेघ बरोबर असल्याची यंत्राला स्वतःला कितपत खात्री आहे, हे तो सांगतो. ज्या रेघेबाबत खात्री एका मर्यादेखाली गेली, ती यादीत घेतलेलीच नाही. म्हणजे यंत्र आपला संशय नोंदवून ठेवते. आपल्या मिळकत पत्रिकेवर असा रकाना नाही. तिथे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, दशांश चिन्हासह, ठामपणे छापलेले असते. यंत्राची साशंकता सरकारी कागदावर येईपर्यंत निःशंक होते, आणि ही जादू तंत्रज्ञानाची नसून शिक्क्याची आहे.

ही ठाम रेघ काय करू शकते, हे बंगळुरूने ऑगस्ट २०१६ मध्ये पाहिले. या शहरात एका तळ्याचे जादा पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारे जुने नाले आहेत. त्यांना येथे राजकालुवे म्हणतात. पावसाळ्यात वस्त्या तुंबल्या, तेव्हा तत्कालीन बृहत् बंगळुरू महापालिकेने या नाल्यांवरील अतिक्रमणे हटवण्यास प्रारंभ केला. नाला पूर्वी नेमका कोठून जात होता याचा पुरावा म्हणून महसूल खात्याचे जुने ग्रामनकाशे काढण्यात आले. अवनी शृंगेरीनगरसारख्या वस्त्यांमध्ये जी घरे पाडली गेली, त्यांच्या मालकांकडे महापालिकेचा खाता-उतारा होता, मंजूर आराखडे होते, कराच्या पावत्या होत्या आणि बँकेची कर्जेही होती. बँकांनी कागद तपासून कर्ज दिले, पालिकेने घेतलेला कर पावतीनिशी घेतला, आणि त्याच पालिकेच्या यंत्राने भिंती पाडल्या. दूरचित्रवाणीवरून ही दृश्ये देशभर गेली. पाडापाडीचा ओघ मध्यमवर्गीय वसाहतींकडे जसा होता तसा बड्या बांधकामांकडे होता काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याचे स्मरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये बाह्यवर्तुळ मार्गाचा परिसर पाण्याखाली गेल्यावर हेच नाट्य पुन्हा एकदा झाले.

हे जुने ग्रामनकाशे कसले? तर एका मैलास आठ इंच या प्रमाणाने काढलेले, म्हणजे १:७९२०. कागदावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. त्यात कागदाचे आकसणे आहे, घड्या आहेत, नक्कल करणाऱ्याच्या हाताची चूक आहे. असा नकाशा संगणकात घेऊन आजच्या, काही सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसणाऱ्या हवाई चित्रावर पसरला की पडद्यावर दोन्ही रेघा सारख्याच बारीक आणि सारख्याच खऱ्या दिसतात. पाहणाऱ्या अभियंत्याला जुन्या रेघेच्या पोटातले चार मीटर दिसत नाहीत. यंत्राने नव्या नकाशाची अचूकता वाढवली, पण वादाच्या वेळी जिला प्रमाण मानायचे ती रेघ जुनीच राहिली.

त्यातच नियमांची भर पडली. नाल्याच्या दोन्ही बाजूंस किती जागा मोकळी सोडायची, हे शहराच्या २०१५ च्या विकास आराखड्यात नाल्याच्या दर्जानुसार ५०, २५ आणि १५ मीटर असे ठरले होते आणि मोजमाप नाल्याच्या मध्यापासून होते. ४ मे २०१६ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ते ५०, ३५ आणि २५ मीटर केले, तेही नाल्याच्या काठापासून. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा हा निर्णय रद्दबातल ठरवला. अवघ्या तीन वर्षांत शेकडो भूखंड बांधकामयोग्य ते निषिद्ध आणि पुन्हा बांधकामयोग्य असे फिरले. जमिनीवर एकही दगड हललेला नव्हता. नाल्याचा मध्य कोणता, काठ कोणता, हे मात्र त्या चार मीटरच्या रेघेवरच ठरायचे होते.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट ओळखीची वाटेल. म्हैसूर संस्थानाची महसुली मोजणी १८६३ पासून झाली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने, आणि त्या पद्धतीचा पाया १८३०च्या दशकात पुणे जिल्ह्यातील इंदापुरात घातला गेला. ३३ फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बंगळुरूच्या भूमापन कार्यालयात आजही टिपण, आकारबंद, गुंठा हे शब्द कानडी उच्चारात ऐकू येतात. म्हणजे बंगळुरूच्या ग्रामनकाशातील दोष आणि आपल्या गावच्या चावडीतील नकाशाचे दोष एकाच घराण्यातले आहेत. कर्नाटकाने २००१ च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पातून सुमारे दोन कोटी शेतजमिनींचे उतारे संगणकावर आणले, देशभर त्याचे कौतुक झाले. उतारे संगणकावर आले तरी नकाशे साखळीच्या काळातलेच राहिले.

राजधानीत या काळात चर्चा झाली ती निराळ्याच विषयाची. दिल्लीला नकाशाची काळजी वाटते ती सुरक्षेच्या अंगाने. ऑक्टोबर २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी गूगल अर्थवरील चित्रांबाबत जाहीर चिंता व्यक्त केली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन नकाशामालिका केल्या. २०११ मध्ये गूगलने रस्त्यांची दृश्ये टिपण्याचा उपक्रम बंगळुरूतून सुरू केला, तो काही आठवड्यांतच शहर पोलिसांनी थांबवला. २०१६ च्या मे महिन्यात गृह मंत्रालयाने भूस्थानिक माहितीच्या नियमनासाठी विधेयकाचा मसुदा काढला. परवान्याविना नकाशा केल्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद, अशी त्यातील तरतूद होती. टीकेची झोड उठल्यावर तो मसुदा संसदेत आलाच नाही. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने अडीचशेव्या वर्षानिमित्त नकाशे मोफत दिले, पण ते उतरवून घेण्यासाठी आधार क्रमांक मागितला! आणि मग १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी जवळजवळ सारे कुलूप एका दिवसात उघडले. भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. एक मीटरहून सूक्ष्म माहिती गोळा करण्याचा अधिकार केवळ त्यांनाच राहिला. जुलै २०२२ मध्ये रस्त्यांची दृश्ये पुन्हा आली, भारतीय कंपन्यांच्या हातून, आणि पहिल्या दहा शहरांत बंगळुरूबरोबर पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होते.

या वळणाचे स्वागतच करावयास हवे. परंतु हे सारे एका खात्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनी झाले, कायद्याने नव्हे, ही बाब संसदेचे वार्तांकन करणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण हेही मंत्रिमंडळाचे धोरण आहे. शहरे आणि ग्रामीण भाग यांचे पाच ते दहा सेंटिमीटर सूक्ष्मतेने सर्वेक्षण २०३० पर्यंत पुरे करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भूस्थानिक मोहिमेसाठी १०० कोटी रुपये ठेवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये १५२ शहरांसाठी ‘नक्शा’ हा हवाई सर्वेक्षणाचा १९४ कोटींचा कार्यक्रम सुरू झाला. या साऱ्यात नागरिकाचा हक्क कोणता, हरकतीची मुदत किती, चुकीचे दायित्व कोणावर, यावर सभागृहात कलमवार चर्चा झालेली नाही. दिल्ली विधानसभेने २०११ मध्ये राजधानीपुरता एक भूस्थानिक माहिती कायदा केला होता. राष्ट्रीय पातळीवर तेवढेही नाही.

यामागे राज्यघटनेतील विभागणी आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग केंद्रसूचीत, अडुसष्टाव्या नोंदीत. जमीन राज्यसूचीच्या अठराव्या नोंदीत, तर भूमी अभिलेख आणि महसुली मोजणी पंचेचाळिसाव्या. घटनाकारांच्या काळी ही विभागणी सोयीची होती, कारण दोघांचे नकाशे वेगळे होते. केंद्राचा नकाशा डोंगर, नद्या, रस्ते दाखवी आणि राज्याचा नकाशा गट व हद्दी. ड्रोनने ही दोन्ही कामे एका चित्रात आणली. आता चित्र काढतो केंद्राचा विभाग, सही करतो राज्याचा अधिकारी. गावठाणासाठी पंचायत राज मंत्रालय, शहरांसाठी भूसंसाधन विभाग, धोरणासाठी विज्ञान विभाग, उपग्रहांसाठी अंतराळ विभाग. लोकसभेत वा राज्यसभेत चुकीच्या नोंदींविषयी प्रश्न आला की लेखी उत्तराचे पहिले वाक्य ठरलेले असते, जमीन हा राज्यांचा विषय आहे. ते वाक्य घटनेनुसार बिनचूक आहे. मात्र मिळकत पत्रिकांचे वाटप दिल्लीतून होते तेव्हा ते कोणाला आठवत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या पत्रिकेचे मोल किती, हाही प्रश्न आहेच. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे. पण उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानली जाते, आणि ते उलट सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावर असते. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८५८ मध्ये टॉरेन्स यांच्या पद्धतीने नोंदणीच निर्णायक केली, पण त्याबरोबर नोंदणीतील चुकीने नुकसान झालेल्यास भरपाई देणारा निधीही उभा केला. आपल्याकडे नीती आयोगाने २०२० मध्ये निर्णायक मालकीच्या कायद्याचा नमुना राज्यांना दिला, त्याचे घोडे फारसे पुढे गेलेले नाही. विसंगती अशी की, देशाची बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाहून वेगळी छापली तर १९६१ च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नागरिकाच्या अंगणाची सीमा सरकारी नकाशात चुकली, तर त्या नागरिकाने अपील करायचे असते, स्वखर्चाने.

ड्रोनद्वारे फेरमोजणीसाठी कर्नाटकाने पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत बेळगावचा समावेश होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी चर्चिली गेली नाही. सीमाप्रश्नावरील महाराष्ट्राचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आपले राजकारण त्या एका मोठ्या रेघेभोवती फिरते. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शेतकऱ्याला ज्या रेघेशी रोज काम पडते ती त्याच्या बांधाची आहे. यंत्राच्या रेघेला भाषा नसते, हरकतीच्या नोटिशीला असते. कागदपत्रे मराठीतून मिळावीत ही तेथील जुनी मागणी भाषिक अस्मितेची म्हणून ओळखली जाते. फेरमोजणीच्या काळात ती निव्वळ मालमत्तेची मागणी ठरते, कारण नोटीस वाचता आली नाही तर हरकतीची मुदत टळते आणि मुदत टळली की रेघ पक्की होते.

दिल्लीत वा बंगळुरूत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची अडचण याहून फार वेगळी नाही. दिल्लीकरांनी २०१९ मध्ये १,७३१ अनधिकृत वसाहतींच्या वेळी त्याची चव घेतली आहे. वसाहतींच्या हद्दी उपग्रहचित्रावरून आखल्या गेल्या आणि घरमालकाला अर्जाआधी आपल्या घराची संगणकीय मोजणी करून घ्यावी लागली. तिथे निदान मालक घरात राहत होता. गावाकडच्या घराचे तसे नाही. मंत्रालयातील एखादा कक्षाधिकारी वर्षातून एकदा, गणपतीला वा जत्रेला गावी जातो. वडिलोपार्जित घराला उरलेले अकरा महिने कुलूप असते, किंवा त्यात चुलत भाऊ राहतो. चुना पडतो त्या दिवशी तो इथे अंदाजपत्रकाच्या फायलीत असतो. सामाईक वाड्याचे वाटप कधी कागदावर झालेले नसते, वडीलधाऱ्यांच्या शब्दावर पडवी एकाची आणि माजघर दुसऱ्याचे असे चालत आलेले असते. वरून पाहणाऱ्या यंत्राला एक छप्पर दिसते, खाली चौकशी अधिकाऱ्याला एक माणूस भेटतो, आणि पत्रिका त्या नावाने निघू शकते. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. हजर असलेल्याची नोंद झाली, एवढेच.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १२६ व्या कलमाखाली गावठाणाचे भूमापन होते तेव्हा नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि दवंडी गावात पिटली जाते. ती पुण्या-मुंबईपर्यंतही ऐकू येत नाही, दिल्ली तर दूरच. कर्नाटकाने ‘दिशांक’ नावाचे उपयोजन काढले आहे, उभे आहात त्या जागेचा सर्व्हे नंबर ते भ्रमणध्वनीवर दाखवते. जो शासनविभाग उभ्या माणसाला त्याच्या पायाखालचा गट सांगू शकतो, त्याला परगावी असलेल्या खातेदाराच्या भ्रमणध्वनीवर मोजणीची तारीख, पहिला नकाशा आणि हरकतीचा अर्ज पाठवणे अशक्य नाही. त्यासाठी उपग्रह लागत नाही. गावठाणातल्या प्रत्येक घरापुढे राहणाऱ्याबरोबर हक्क सांगू शकणाऱ्यांचीही नावे आणि पत्ते लिहून घ्यावे लागतील, आणि ते काम ड्रोन गावावरून जाण्याच्या आधीचे आहे.